सर्व हक्क मूळ मालकाचे

अक्काचा आवाज होता तेव्हा असा होता, की लाँड्रीच्या मागच्या खोलीत धुलाईची मशीनं घरघरत असली, वाफेची इस्त्री फुसफुसत असली, तरी तिने काउंटरवरून नुसतं "अहो!" म्हटलं की नवरा हातातला शर्ट तसाच टाकून पुढे यायचा. गिऱ्हाइकं हसायची. एक म्हातारे गृहस्थ म्हणायचे, "बाई, तुम्ही ओरडलात की माझ्या कोटाच्या सुरकुत्या आपसूक जातात." अक्का कसली ऐकतेय! "मग रोज येऊन उभे राहा की इथं, तेवढीच आमची वीज वाचेल," असं म्हणून ती कोट त्यांच्या हातात द्यायची.

तर तो आवाज गेला. आधी नुसता बसला, मग खरखरायला लागला, मग घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याला श्वास घ्यायला एक भोक राहिलं, त्यावर अक्का रुमाल बांधायची. बोलायचं म्हणजे फोनवर टाइप करायचं आणि समोरच्याच्या नाकासमोर धरायचं. भांडणात तर फारच पंचाईत व्हायची. तिचं टाइप होईपर्यंत समोरचा भांडण विसरून चहा प्यायला लागलेला असायचा. एकदा नवरा बोलून गेला, "दुकानात किती शांत वाटतं, नाही?" आणि लगेच त्याने जीभ चावली. अक्काने हातातला हँगर त्याच्या अंगावर भिरकावला. त्याने तो उचलून मुकाट्याने त्यावर शर्ट अडकवला, आणि मग दोघंही बराच वेळ एकमेकांकडे बघेनात.

दवाखान्यात एक स्पीच थेरपिस्ट होती. वयाने अक्काच्या लेकीएवढी, पण अक्काला दटावायची हिंमत असलेली. तिने एके दिवशी विचारलं, "अक्का, तुमच्या जुन्या आवाजाचं काही रेकॉर्डिंग आहे का? तासाभराचं तरी. मागे गाणं नको, गोंगाट नको, नुसता तुमचा आवाज हवा. तो मशीनला ऐकवला की मशीन तुमच्या आवाजात बोलायला शिकतं. तुम्ही टॅबवर टाइप करायचं, आणि तुमचाच आवाज बाहेर येणार."

अक्काने टाइप केलं, "शिव्यापण?"

"टाइप कराल ते सगळं," ती मुलगी हसत म्हणाली.

अक्काला नवऱ्याशी बोलायचं असं फारसं काही उरलं नव्हतं, इतक्या वर्षांत बोलून बोलून झालं होतं. तिचा जीव अडकला होता नातीत. लेकीची मुलगी, चिमी, अजून धड चालायलाही लागली नव्हती तेव्हा अक्काचा आवाज बसायला लागला. त्या पोरीला आजी म्हणजे रुमालवाली, टाळ्या वाजवून बोलावणारी बाई, एवढंच माहीत. तिने आपल्याला कधी ऐकलंच नाही, हे अक्काच्या काळजाला लागलं होतं. ती ते कुणाला दाखवत नव्हती, पण लेकीला कळत होतं.

दुकानात परत येऊन शोधाशोध सुरू झाली. फोनमधे जे निघालं त्यात मागे मशीनं घरघरत होती. लेकीच्या लग्नाच्या व्हिडिओत बँडपुढे कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं. अक्काचा धाकटा भाऊ टिल्लू तेव्हा दुकानातच बसला होता. टिल्लू हे नुसतं नाव, अंगाने तो दारात वाकून शिरणारा. कार्यक्रमांच्या हॉलमधे साउंड सिस्टिम लावायचा त्याचा धंदा. त्याने कपाळावर हात मारला.

"अगं अक्का, आपण काय शोधत बसलोय! शेळीताई!"

शेळीताई म्हणजे एका परदेशी बाहुल्यांच्या मालिकेतली शेळी. मालिका जुनी, कधीच बंद पडलेली. नदीवर नाव चालवणारी एक शेळी आणि तिचे नाना तऱ्हेचे उतारू. मूळ मालिकेत ती शेळी फार सभ्य, बोलायची कमी आणि माफी जास्त मागायची. टिल्लूची पोरं लहान होती तेव्हा त्याने ते भाग कुठून तरी मिळवले होते, आणि पोरांना ती भाषा कळत नव्हती म्हणून अक्का शेजारी बसून आपल्या मनाने बोलायची. पोरं हसून हसून लोळायची. मग टिल्लूच्या डोक्यात किडा शिरला, की हे नीट रेकॉर्ड करायचं. तेव्हापासून दर रविवारी, दुकान बंद असताना, धुतलेले कोट आणि ब्लँकेटं टांगायच्या खोलीत दोघं जाऊन उभी राहायची. चारी बाजूंनी लोकरीचे कपडे, आवाज कसा सुबक यायचा! प्लास्टिकची कव्हरं तेवढी खसखसायची म्हणून ती आधी काढून ठेवायची आणि नंतर पुन्हा चढवायची. ते काम भावजींकडे, म्हणजे अक्काच्या नवऱ्याकडे.

"शेळी आहे म्हणून काय मला बेंबें करायला लावणार आहेस का?" अक्काने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. ती आपल्याच आवाजात बोलली. "बसा नीट! नाव आहे ही, तुमच्या सासऱ्याचा दिवाणखाना नाही!" हे शेळीचं वाक्य त्या मूळ मालिकेत शोधून सापडणार नाही. निम्मी वाक्यं तशीच, अक्काच्या काउंटरवरून थेट नदीवर गेलेली.

टिल्लूने ते भाग व्हिडिओ शेअर करायच्या एका साइटवर टाकले, आणि बघता बघता कुठल्या कुठल्या गावांहून, देशांहून लोक यायला लागले. कुणी लिहायचं, आमच्या मुलीला शेळीताईशिवाय घास उतरत नाही. कुणी शेळीची चित्रं काढून पाठवायचं. काहींना आपल्या घरच्या व्हिडिओंवर शेळीताईचं ओरडणं लावायचं असायचं, म्हणून टिल्लूने प्रत्येक भागाचा नुसता आवाज, संगीत वगळून, त्याच अकाउंटमधे वेगळा ठेवला होता. मागेल त्याला लिंक द्यायचा. यातून दोघांना कधी छदाम मिळाला नाही आणि कुणाला हवाही नव्हता.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आपटलं. लाँड्रीत कपडा आला की आधी चिठ्ठी. मालकाच्या नावाची चिठ्ठी टाचल्याशिवाय हातरुमालसुद्धा पाण्यात जायचा नाही, हा अक्काचा कायदा. दुसऱ्याची वस्तू आपल्या हातात आहे तोवर तिच्यावर त्याचं नाव हवं. तेव्हा शेळीताईचा पहिला भाग साइटवर चढायच्या आधीच अक्काने भावाला बजावलं होतं, "खाली लिही. मालिका त्यांची आहे, आपली नाही. लोकांना वाटायला नको आपण चोरली." म्हणून प्रत्येक व्हिडिओखाली मालिकेचं पूर्ण नाव, भागाचा क्रमांक आणि एक ओळ: सर्व हक्क मूळ मालकाचे, आम्ही फक्त चाहते. नुसत्या आवाजाच्या फाइली टाकताना टिल्लू म्हणाला होता, "यात त्यांचं काय आहे अक्का? संगीत नाही, चित्र नाही. तुझा गळा आहे नुसता."

"लाव रे," अक्का म्हणाली होती. "चिठ्ठी लावून कुणाचं नुकसान झालंय आजवर?"

टिल्लूने चिठ्ठी लावली. आणि फाइली साइटवर गेल्या की घरच्या कॉम्प्युटरवरून पुसून टाकायच्या, ही त्याची सवय. हॉलची रेकॉर्डिंगं ठेवायला जागा लागायची. साइट एवढी मोठी, तिथून काय पळून जातंय थोडंच?

थेरपिस्ट ते ऐकून खूश झाली. टिल्लूने तिला लिंक पाठवली, पण दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर ती उघडेना. फाइली आडोशाला ठेवलेल्या होत्या, ज्याचं साइटवर अकाउंट त्यालाच दिसणाऱ्या. टिल्लू त्या दिवशी एका हॉलमधे शिडीवर चढलेला, दोन्ही हातांत वायरी. आपण उतरवून घेण्यापेक्षा तिलाच काय हवं ते घेऊ दे, म्हणून त्याने शिडीवरूनच फोनवर सगळ्या फाइली सर्वांना खुल्या करून टाकल्या.

टिल्लूला काय माहीत, की ती मेलेली मालिका मधल्या काळात एका मोठ्या कंपनीने विकत घेतली होती. त्या कंपनीने साइटवर नव्याने खुल्या होणाऱ्या प्रत्येक गोष्टीला मालिकेच्या नावाची चाळण लावून ठेवली होती. माणूस नाही, मशीनच. नाव दिसलं की तक्रार. आणि आमच्या टिल्लूने प्रत्येक फाइलीवर पूर्ण नाव लिहिलेलं, तेही शुद्ध, क्रमांकासकट. थेरपिस्टने एकही फाइल उतरवून घ्यायच्या आत, तो शिडीवरून खाली उतरेपर्यंत, त्याचा फोन तक्रारींनी भरून गेला. कॉपीराइटची तक्रार आल्याने फाइल काढली आहे. पुन्हा तेच. पुन्हा तेच. आणि शेवटी: वारंवार तक्रारी आल्यामुळे हे अकाउंट बंद करण्यात येत आहे.

संध्याकाळी तो दुकानात आला तो आत शिरताना वाकायचंच विसरला. कपाळ चौकटीवर आपटलं. अक्काने बर्फ आणून दिला. मग त्याने सांगितलं.

"गेलं?" नवऱ्याने विचारलं. "म्हणजे सगळं?"

"साइटच्या पोटात आहे अजून. काही दिवस ठेवतात, मग पुसतात. आपल्याला मात्र आत जाता येत नाही."

अक्काने टाइप केलं, "सगळे व्हिडिओ घ्या म्हणावं. आम्हाला फक्त माझा आवाज द्या." आणि फोन टिल्लूसमोर असा धरला, जसं काही साइट टिल्लूच चालवत होता.

साइटवर दाद मागायची सोय होती. लेकीने चिमीला मांडीवर घेऊन तो सगळा अर्ज भरला. खरं नाव, खरा पत्ता, आणि शपथेवर सांगायचं की ही फाइल चुकून काढली आहे. प्रकरण कोर्टात गेलं तर कंपनीच्या गावच्या कोर्टात हजर राहायची तयारी आहे, असंही कबूल करायचं. कंपनीचं गाव समुद्रापलीकडे. नवरा म्हणाला, "राहू दे." अक्काने त्याच्याकडे बघितलं आणि स्वतः बटण दाबलं.

उत्तर आलं ते वकीलबाई दुकानात असतानाच. वकीलबाई म्हणजे जुनं गिऱ्हाईक, काळे कोट नेहमी अक्काकडेच. अक्काने तिच्या हातात कोटाऐवजी फोन दिला. वकीलबाईने उभ्या उभ्या वाचलं, मग स्टूल ओढून बसली आणि पुन्हा वाचलं.

"या फाइलींच्या खाली हे तुम्ही लिहिलं होतंत?" तिने विचारलं. "सर्व हक्क मूळ मालकाचे?"

अक्काने मान हलवली.

"कंपनीने त्याचाच फोटो जोडलाय. म्हणतात, वापरणाऱ्यानेच कबूल केलंय की या फाइलींचे सर्व हक्क आमचे. मग वाद कसला?"

"पण तिचा आवाज आहे हो तो!" नवरा इस्त्री हातात घेऊनच पुढे आला होता. "तिच्या गळ्यातून निघालेला. कंपनीचा कुठून झाला?"

"आवाज त्यांचाच आहे भाऊ, तुमच्या मिसेसचाच. पण गोष्ट कंपनीची. त्या गोष्टीचं आपल्या भाषेत काही करायचं तर कंपनीची परवानगी लागते, ती तुम्ही घेतली नाहीत. तरीही नुसत्या आवाजापुरतं भांडता आलं असतं, मी म्हणते भांडायला जागा होती. पण तुम्ही ही ओळ लिहिलीत." वकीलबाईने फोन काउंटरवर ठेवला. "हे सगळे चाहते लिहितात. लोकांना वाटतं, असं लिहिलं की आपण सुटलो. कायद्यात त्याने कुणी सुटत नाही. उलट हात दाखवून अवलक्षण होतं."

"मग केस करायची," टिल्लू म्हणाला.

"तिथल्या कोर्टात? करा. वर्षं जातील. साइट तोवर थांबणार नाही, ती पुसून मोकळी होईल."

अक्का बोलूच शकत नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. तिला कंपनीचा राग आला नाही, खरं सांगायचं तर. कंपनी कुठली कोण, तिला तोंड ना डोळे. तिला स्वतःची चीड आली, इतकी की तिने काउंटरवरचा टाचण्यांचा डबा उचलला आणि जमिनीवर उपडा केला. आयुष्यभर दुसऱ्याच्या वस्तूवर दुसऱ्याचं नाव लावलं, ठीक. पण स्वतःच्या गळ्यावरही दुसऱ्याचं नाव लावायची अक्कल कुठून सुचली? मग टाचण्या वेचायला तीच खाली बसली. वकीलबाईही तिच्याबरोबर वेचत बसली, कोटाची घाई असूनसुद्धा.

अक्काने कंपनीला लिहिलं. लेकीने ते परक्या भाषेत करून दिलं. मला तुमची मालिका नको, नाव नको, पुन्हा कधी शेळीच्या वाटेला जाणार नाही. माझं स्वरयंत्र काढलंय. माझी नात लहान आहे. त्या फाइलींतला माझा आवाज तेवढा मला एकदा उतरवून घेऊ द्या, मग खुशाल पुसा. यात खोटं एक अक्षर नव्हतं. लेकीने दवाखान्याचे रिपोर्टही जोडले.

कंपनीचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, तेव्हा सगळ्यांचे चेहरे उजळले. एवढ्या लवकर म्हणजे कुणीतरी वाचलं असणार! टिल्लूने मोठ्याने वाचायला घेतलं. आमच्या मालिकेवरचं तुमचं प्रेम बघून आनंद झाला. तुमच्यासारखे चाहते हीच आमची ताकद. हक्कांच्या रक्षणासाठी आम्ही कटिबद्ध आहोत. खाली शेळीचं चित्र होतं, डोळा मारणारं. टिल्लूने वाचणं तिथंच सोडून फोन उलटा ठेवला.

साइटला तर किती वेळा लिहिलं त्याची गणतीच नाही. साइट म्हणायची, हा तुमचा आणि तक्रारदाराचा आपसातला प्रश्न आहे. कंपनी म्हणायची, अकाउंटचा प्रश्न साइटला विचारा. अक्का म्हणजे फुटबॉल झाली होती. शेवटी एके दिवशी टिल्लूने जुना पत्ता उघडून बघितला, तर आधी तिथं "बंद केलेलं अकाउंट" असं यायचं, आता "असं काही अस्तित्वात नाही" असं आलं. एवढी वर्षं लोकांनी लिहिलेलं, पोरांनी काढलेली चित्रं, सगळं त्याच्याबरोबर गेलं. टिल्लू दुकानाबाहेर पायरीवर बसला, एवढा मोठा माणूस, आणि हुंदके देऊन रडला. अक्का त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. खरं तर त्या वेळी तिने त्याला चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तो तसं म्हणालासुद्धा. "शिव्या दे गं अक्का, काहीतरी बोल." मग त्याचं त्यालाच कळलं आपण काय बोललो ते, आणि तो आणखी रडला.

नाही म्हणायला एक धागा सापडला. बाकीचे चाहते साइटवरच भेटायचे, तो रस्ता बंद झाला होता, पण त्यांतल्या एका बाईचा नंबर टिल्लूच्या फोनमधे होता. तिने आपल्या मुलासाठी एक भाग टीव्हीसमोर फोन धरून चित्रित केला होता. तो तिने लगोलग पाठवला. त्यात अक्का बोलत होती! संगीताखाली दबलेली, टीव्हीच्या डब्यातून आल्यासारखी, वरून त्या पोराचं खिदळणं, पण होती. सगळे फोनभोवती गोळा झाले. नवऱ्याने इस्त्री बंद केली. अक्काने ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. लेकीने चिमीला विचारलं, "कोण बोलतंय सांग?" चिमी म्हणाली, "दादा हसतोय!"

थेरपिस्टने त्यातून होईल तेवढं करून बघायचं कबूल केलं. संगीत काढायचा प्रयत्न झाला, हसणं काढायचा प्रयत्न झाला. मग तिने अक्काला बोलावून टॅबवर वाक्य टाइप करायला सांगितलं. अक्काने लिहिलं, "चिमे, इकडे ये." टॅबमधून जे निघालं ते कुणी पाण्याखाली बोलावं तसं, मधेच वाजंत्री, मधेच एका पोराचं हसू, आणि "चिमे"च्या जागी नुसता घोगरा उसासा. थेरपिस्टने पटकन बंद केलं. "सॉरी, अक्का. मी ऐकवायलाच नको होतं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा अक्कालाच तिची दया आली. टाइप केलं, "रडू नकोस. तुझं काय चुकलंय त्यात?"

शेवटी टॅबमधे जे तयार आवाज असतात त्यांतला एक निवडायचा ठरलं. बायकांचे असे तीन-चारच होते. एक बाई विमानतळावर सूचना देणाऱ्यासारखी. एक इतकी गोड की मधमाशा लागाव्यात. नवऱ्याला गोडवाली आवडली. "आयुष्यात एकदा तरी तुझ्या तोंडून असं ऐकू दे," तो म्हणाला, आणि अक्का खूप दिवसांनी हसली, म्हणजे खांदे हलले तिचे. तिने त्यातल्या त्यात सरळ, ना गोड ना कडू असा आवाज घेतला. काम भागायला लागलं. "कोट गुरुवारी मिळेल." "डाग जाईल की नाही सांगता येत नाही." चिमी त्या आवाजाला ओ देऊ लागली. तिच्या लेखी आता आजीला आवाज फुटला होता, आणि तो हाच होता. अक्का टॅबवरून तिला गोष्टी सांगायची, आणि गोष्ट सांगताना तिचं तिलाच परकं वाटायचं, जसं काही आपल्या नातीशी कुणी दुसरीच बाई बोलतेय आणि आपण बाजूला बसून तिला वाक्यं पुरवतोय. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तेही त्याच बाईच्या तोंडून.

चिमी शाळेत जायला लागली त्या वर्षी एक दिवस टिल्लू तणतणत दुकानात आला. कंपनीने ती मालिका आपल्या भाषेत काढली होती. अधिकृत. त्याच साइटवर, मधे मधे जाहिराती लावून. त्याने ती हॉलमधे कामाच्या मधे, आवाज बंद ठेवून, खालची अक्षरं वाचत बघितली होती.

"आणि वाक्यं कुणाची आहेत माहितेय? तुझी! 'नदीला घाई नाही, मला घाई नाही, मग तुमच्याच पोटात का गोळा?' हे मूळ मालिकेत आहे का? तिथं शेळी नुसतं 'कृपया थांबा' म्हणते! उचललंय सगळं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय!"

वकीलबाईला विचारलं. तिने एवढंच विचारलं, "तुमचे भाग आधीचे होते हे दाखवायला काय आहे तुमच्याकडे?" जे होतं ते कंपनीने पुसायला लावलं होतं. त्या चाहत्या बाईचा एक भाग होता, त्यात हे वाक्य नव्हतं. अक्काने टॅबवर बोट ठेवलं, "सोड." सरळ, ना गोड ना कडू आवाजात टॅब म्हणाला, "सोड." तिने ती मालिका बघायला साफ नकार दिला. घरात तिचं नावही काढायचं नाही, असं सगळ्यांना सांगून टाकलं.

पण पोरांना कोण सांगणार? शाळेतून आलेली चिमी दुपारी कोटांच्या खोलीत आईचा फोन घेऊन बसली होती. दार उघडं होतं. काउंटरवर अक्का एका साडीचा डाग उजेडात धरून बघत होती, नवरा पलीकडे कॉलर दाबत होता. आतून बाहुल्यांच्या मालिकेचं संगीत आलं, पाण्याचा आवाज आला, आणि मग शेळी बोलली. कंपनीने कुणा नटीला बोलावलं नव्हतं. खर्च कशाला? मशीनचा तयार आवाज लावला होता. सरळ, ना गोड ना कडू.

नवऱ्याची इस्त्री कॉलरवर तशीच राहिली. जळका वास आला तेव्हा कुठे त्याने ती उचलली.

चिमी उड्या मारत बाहेर आली. फोन तिने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. "आजी! आई खरंच सांगत होती! तू शेळी होतीस ना? ही बघ, तुझ्याच आवाजात बोलतेय! अगदी तुझ्याच!"

अक्काने साडी खाली ठेवली. टॅब जवळ ओढला. एकेक अक्षर शोधावं लागलं. लिहून झाल्यावर तिने एकदा नातीच्या तोंडाकडे बघितलं आणि बटण दाबलं.

"हा माझा आवाज नाही," टॅब म्हणाला.

चिमीने आधी टॅबकडे बघितलं, मग फोनकडे, आणि मग ती खदखदून हसायला लागली. एवढा मोठा विनोद आजीने तिला आजवर सांगितला नव्हता. हसता हसता ती काउंटरला लोंबकळली.

"परत म्हण ना, आजी! परत!"

नवरा म्हणाला, "चिमे, पुरे आता." पण अक्काने हातानेच त्याला थांबवलं. पोरगी इतकी खुशीत होती. अक्काने पुन्हा बटण दाबलं.